मेंढीचे रक्त, जंत आणि ‘पूरक’ आहार

जंतांनी पीडित मेंढ्यांच्या आहारासंबंधीच्या लेखनात सहनक्षमता आणि प्रतिकारक्षमता या दोन संज्ञा पुष्कळदा समानार्थी म्हणून योजिल्या जातात. हा केवळ शब्दांचा प्रश्न नव्हे. त्यांतील भेद न जाणल्यास उपायच चुकतो.

उदाहरणादाखल हीमाँकस कॉन्टॉर्टस हा कृमी घेऊ. व्यवहारात त्यास आतड्यातील जंत म्हटले जाते. वस्तुतः त्याचे वास्तव्य जठराच्या चौथ्या कप्प्यात असते. एक प्रौढ कृमी दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त काढतो; म्हणजे हजार कृमींमुळे मेंढी रोज सुमारे ५० मिलिलिटर रक्त गमावते. निरोगी मेंढीच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण साधारणतः शेकडा २७ ते ४५ असते. ते घसरले म्हणजे पापणीची आतील बाजू फिकट होते. रक्तातील प्रथिने घटल्याने जबड्याखाली सूज येते.

अशा मेंढीस पेंडीसारखा प्रथिनयुक्त खुराक दिल्यास नवे रक्त घडण्यास द्रव्य मिळते. कृमी तितकेच राहूनही ती तग धरते. ही सहनक्षमता होय. शरीराच्या संरक्षक यंत्रणेस प्रथिने पुरली, तर कृमींची संख्या व त्यांचे अंडी घालणे घटते; ही प्रतिकारक्षमता होय. विण्याच्या सुमारास प्रथिने गर्भाकडे व दुधाकडे वळतात आणि ही दुसरी शक्ती क्षीण होते. म्हणून त्या काळातील खुराकाचे मोल विशेष.

पहिलीची खूण रक्तात सापडते, दुसरीची लेंड्यांतील अंड्यांच्या संख्येत. केवळ रक्त सुधारलेले पाहून समाधान मानले, तर धष्टपुष्ट दिसणारी मेंढीही कुरणात अंडी टाकीत राहते, आणि पावसाळ्याच्या उबदार ओलीत त्यांतून निपजलेल्या अळ्या कोकरांच्या पोटी जातात.

खनिजांविषयी तर अधिकच सावध राहावयास हवे. लोह हा हीमोग्लोबिनचा घटक असून त्याच्या उपयोगास तांबे लागते. परंतु मेंढीच्या यकृतात तांबे साठत जाते, आणि ते एकाएकी रक्तात उतरल्यास तांबड्या पेशी फुटतात. रक्तवृद्धीसाठी दिलेले द्रव्यच अशा रीतीने रक्तनाशास कारण होते.

‘पूरक’ म्हणजे उणे भरून काढणारे. कृमींचा भार वाढलेल्या मेंढीस जंतनाशक औषधच द्यावे लागते. पूरक आहार त्याची जागा घेत नाही. म्हणून ‘आहाराने गुण आला’ असे लिहिताना तो गुण रक्तात आढळला की अंड्यांच्या मोजणीत, हे अभ्यासकाने स्पष्ट नोंदवावे.