बुटक्या पिकअपचे मागचे टायर कोण खातं?

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणजे आपल्याकडचा दहाचाकी नव्हे, तर मागे उघडा हौदा असलेला पिकअप. शेव्हरोलेचा सी-१०, एस-१० किंवा फोर्डचा रेंजर घ्यायचा, त्याची उंची चार-सहा इंच कमी करायची आणि रस्त्याला चिकटल्यासारखा फिरवायचा, ही तिथली जुनी हौस. काही महिन्यांनी मागचा एक टायर एका कडेने गुळगुळीत होतो आणि मग जो तो आपलं निदान सांगू लागतो.

गैरसमज : गाडी खाली घेतली की चाकं तिरकी होतात, म्हणून आतली कड झिजते.

वस्तुस्थिती : हे पुढच्या चाकांबाबत खरं आहे. पुढे प्रत्येक चाक स्वतंत्र आर्मवर असतं आणि उंची बदलली की त्याचा उभा कल, म्हणजे कँबर, बदलतो. फोर्डच्या जुन्या ‘ट्विन आय-बीम’ रचनेत तर तो फारच बदलतो. पण बहुतेक पिकअपच्या मागे एकच अखंड एक्सल असतो. डिफरन्शियलचा गोळा मधे, दोन्ही बाजूंना जाड नळ्या आणि टोकांना चाकं. हा अख्खा दांडा चार इंच वर सरकवला तरी चाकांचा एकमेकांशी असलेला कोन तोच राहतो. खाट बुटकी केली म्हणून तिचे पाय फाकत नाहीत, तसंच. होंडा रिजलाइन किंवा इलेक्ट्रिक एफ-१५० लाइटनिंग यांच्या मागे मात्र स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यामुळे त्यांना हा नियम लागू नाही.

मग अखंड एक्सलवर टायरची एक कड जात असेल तर? तर दांडाच वाकलेला असण्याची शंका घ्यायची. इथे बुटकं करण्याचा संबंध खरोखर येतो, पण मागच्या दाराने. पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या गाडीत एक्सल मुळात पाट्यांच्या खाली असेल, तर तो पाट्यांच्या वर नेऊन गाडी खाली घेतात. त्यासाठी पाटा टेकायच्या नव्या बैठका नळीवर बसवाव्या लागतात. काही किटमध्ये त्या यू-बोल्टने आवळतात, काही जण थेट वेल्ड करतात. घाईत एकाच दमात लांब वेल्ड मारला की थंड होताना नळी त्या बाजूला आकसते आणि किंचित वाकते. डोळ्याला काही दिसत नाही, टायरला मात्र कळतं. जाणकार वेल्डर म्हणूनच थोडं थोडं, जागा बदलत, मधे थंड होऊ देत काम करतो. अपघातात किंवा खड्ड्यात आपटूनही नळी वाकते, तेव्हा सगळा दोष वेल्डरच्या माथी मारू नये.

गैरसमज : एक्सल तिरका बसला म्हणून टायर खातोय.

वस्तुस्थिती : एक्सल चासीला काटकोनात नसेल तर गाडी कुत्र्यासारखी तिरकी चालते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात नीट बसलेलं नसणं, हे याचं नेहमीचं कारण. ते दुरुस्त करायलाच हवं. पण तेव्हाही मागची दोन्ही चाकं एकमेकांना समांतरच असतात, त्यामुळे टायर फारसा घासत नाही. घासतो तो दोन्ही चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळली, म्हणजे ‘टो’ बिघडला तर, आणि अखंड एक्सलवर ते पुन्हा नळी वाकल्याशिवाय सहसा होत नाही. ओळखायला हात पुरतो. नक्षीवरून तळवा आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टायर आडवा घासतो आहे.

१९६० ते १९७२ दरम्यानच्या बहुतेक शेव्हरोले सी-१० ची गोष्ट वेगळी, त्यांत पाटे नाहीत. मागे कॉइल स्प्रिंग, लांब आर्म आणि एक्सलला आडवं जागेवर धरणारा पॅनहार्ड रॉड. रॉडचं एक टोक चासीला, दुसरं एक्सलला. गाडी खाली घेतली की रॉडचा कोन बदलतो आणि एक्सल एका अंगाला सरकतो. मग त्या बाजूचा टायर मडगार्डला किंवा आत चासीला घासतो. मालक त्यालाच ‘कड झिजली’ म्हणतो. खूण वेगळी असते : घासटलेला चकचकीत पट्टा टायरच्या गालावर किंवा खांद्यावर गोल फिरलेला. लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड हा त्याचा इलाज.

मधली नक्षी आधी गेली तर हवा जास्त, दोन्ही कडा गेल्या तर कमी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. विसरतात ते एवढंच, की दारावरच्या चिकटपट्टीवरचा हवेचा आकडा कंपनीच्या मूळ टायरसाठी आणि भरलेल्या हौद्याचा विचार करून दिलेला असतो. रुंद, चपटे टायर आणि कायम रिकामा हौदा असेल तर तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. टायर कंपनीचा भार-तक्ता पाहावा.

टायर जागोजागी वाटीसारखा खड्डेदार झाला असेल तर शॉकअब्सॉर्बर पाहावेत. मूळ लांबीचे शॉक बुटक्या गाडीत लवकर तळाला टेकतात, मग चाक नाचू लागतं. आणि फक्त मागचा उजवा टायर लवकर जात असेल, तर जोरात गाडी सोडायची सवय तपासावी. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत इंजिनाचा पीळ उजवं चाक हलकं करतो आणि तेच आधी फिरतं.

गैरसमज : व्हील अलाइनमेंट करून घेतली की मिटलं.

वस्तुस्थिती : अखंड एक्सलवर कोन फिरवायला बोल्टच नसतो. मशीन मोजतं, दुरुस्त करत नाही. आणि फक्त पुढच्या दोन चाकांची अलाइनमेंट केली तर मागचं मोजलंही जात नाही.

म्हणून आधी तीन डॉलरचा नक्षीमापक घ्या. प्रत्येक टायर आत, मधे आणि बाहेर मोजून आकडे लिहून ठेवा. मग चारही चाकांची मोजणी करायला सांगा आणि छापील कागद मागून घ्या. त्यावर मागचा कँबर आणि दोन्ही चाकांचा मिळून टो शून्याच्या आसपास असेल, तर एक्सल खोलायला कोणालाही पैसे देऊ नका.