रेखमिरे वजिराचें थडगें

नील नदीच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सर शहरासमोर, चुनखडीच्या टेकड्यांत प्राचीन थीब्ज नगरीच्या अधिकाऱ्यांचीं शेंकडों थडगीं कोरलेलीं आहेत. त्यांतील १०० क्रमांकाचें थडगें रेखमिरे याचें. इ. स. पूर्वीं १५ व्या शतकांत तिसरा थुतमोस व त्याचा पुत्र दुसरा अमेनहोतेप या दोन मिसरी राजांच्या पदरीं तो वजीर होता. त्याचा आजा व चुलता हेही वजीरच होते.

थडग्यांत शिरतांच एक आडवें दालन लागतें. त्याच्या मध्यापासून दुसरें अरुंद दालन थेट डोंगराच्या पोटांत जातें. याचें छत चढत जाऊन शेवटीं सुमारें २५ फूट उंच होतें. दोन्ही दालनांच्या भिंतींवर गिलावा करून त्यावर रंगीत चित्रें काढलेलीं आहेत.

तीं केवळ शोभेसाठीं नव्हतीं. भिंतीवर जें चितारलें तें मृताला परलोकीं लाभतें, आणि ज्याचें नांव व रूप टिकतें तोच खरा जगतो, अशी मिसरी लोकांची श्रद्धा होती. म्हणून रेखमिरेचें सारें वैभव येथें अवतरलें आहे. परदेशचे लोक राजाकडे नजराणे आणीत आहेत: क्रीटचे लोक धातूचीं सुरेख पात्रें, सीरियाचे लोक लहानसा हत्ती व अस्वल, आणि न्युबियाचे लोक एक जिराफ, ज्याच्या मानेवर माकड चढत आहे. आंतल्या दालनांत आमोन देवाच्या मंदिराचे कारागीर कामांत गुंतले आहेत. सुतार लांकूड तासतात, सोनार धातु वितळवितात. मजूर तळ्याचें पाणी काढून चिखल कालवितात आणि साच्यांतून काढलेल्या विटा ओळीनें वाळत घालतात.

परंतु या थडग्याचें खरें मोल एका लेखांत आहे. वजिराची नेमणूक करतांना राजानें केलेला उपदेश तेथें लिहिला आहे. हें पद गोड नसून कडू आहे, असें राजा बजावतो. ओळखीचा आणि अनोळखी, जवळचा आणि दूरचा, दोघांसही एकाच दृष्टीनें पाहावें, अशी त्याची आज्ञा आहे. पुढें तो खेती नांवाच्या जुन्या वजिराचें उदाहरण देतो. पक्षपाताचा आळ येऊं नये म्हणून खेती आपल्याच नातलगांच्या विरुद्ध निकाल देई. राजाच्या मतें हाही अन्यायच! लोकापवादाच्या भीतीनें आप्ताला बुडविणें म्हणजे निःपक्षपात नव्हे, हा विवेक त्या काळीं राजाज्ञेंत स्पष्ट मांडला गेला होता.

पुढें दैव फिरलें. अनेक ठिकाणीं रेखमिरेची आकृति व नांव छिन्नीनें खरवडून टाकलेलें दिसतें. नांवरूपावर ज्याची भिस्त, त्याला यापरता दुसरा मृत्यु कोणता? थडग्यांत शव ठेवण्याचें विवरही नाहीं.

तरीही लेख उरला. नॉर्मन डी गॅरिस डेव्हिस या संशोधकानें थडग्यांतील चित्रांच्या व लेखांच्या नकला परिश्रमपूर्वक उतरविल्या. त्यांचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९४३ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयानें प्रसिद्ध केला. मिसरी वजिराचीं कर्तव्यें कोणतीं, हें आज मुख्यतः याच भिंतींवरून कळतें. वजिराचा चेहरा पुसला गेला. विटा पाडणारे मजूर तसेच राहिले, आणि राहिली ती वजिराला बांधणारी न्यायाची आज्ञा.