रामटेकहून समुद्राकडे: स्वतःची गाडी, खाडीतली फेरीबोट आणि पडवीतला मुक्काम

हा भाग ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी आज बोललो ते इथे लिहून काढलंय.

गडमंदिरावरून खाली बघितलं की आपल्याला काय दिसतं? अंबाळा तलाव. खिंडसीला गेलं तर अजून मोठं पाणी. पण समुद्र? तो आपल्यापासून हजारेक किलोमीटर लांब. 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक असं मानतात. तिथून मेघ उत्तरेला गेला, आणि आपली पोरं गाडी काढून पश्चिमेला निघतात. आज तेच बोलू: स्वतः गाडी चालवत कोकण कसं फिरायचं, आणि हॉटेलाऐवजी तिथल्या घरांत कसं राहायचं.

एका दमात जायचं नाही, राजेहो

'रात्री निघू, सकाळी समुद्रावर' हा प्लॅन आधी डोक्यातून काढा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, कारसाठी वेगमर्यादा ताशी १२०. रस्ता सरळ, गुळगुळीत, आणि धोका नेमका तिथेच आहे. वळण नाही, गाव नाही, त्यामुळे डोळे उघडे राहतात पण डोकं झोपतं. दर दोन तासांनी थांबा, उतरा, चाला. उन्हाळ्यात निघण्याआधी टायर आणि हवा तपासा. आणि दुचाकी घेऊन जायचा विचार असेल तर समृद्धीवर तिला परवानगीच नाही.

आमचा मार्ग असा: पहिल्या दिवशी रामटेक ते छत्रपती संभाजीनगर, पाचशेच्या आसपास किलोमीटर. मुक्काम. दुसऱ्या दिवशी पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, मंडणगड आणि दापोली तालुक्यातलं हर्णै. घाट उजेडात उतरायचा, हा नियम पाळाच.

नकाशा खोटं बोलत नाही, पण पूर्ण सांगत नाही

कोकणात दोन गावं नकाशावर चिकटलेली दिसतात, पण मध्ये खाडी असते. दाभोळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की पलीकडचं धोपावे समोर दिसतं. फेरीबोटीत गाडी चढवली तर काही मिनिटांत पार. बोट नसेल तर खेड, चिपळूण फिरून गुहागर, म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर.

पहिल्या वेळी आम्ही हे शिकलो ते चुकून. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघत बसलो, मग जेवलो, मग रमतगमत निघालो. दाभोळला पोचलो तर शेवटची फेरी सुटून गेलेली. अंधारात अनोळखी रस्ता, गाडी चालवणारा एकटाच, बाकी तिघं झोपलेले. गुहागरला पोचायला रात्रीचा दीड वाजला. ज्यांच्याकडे उतरणार होतो त्या काकू पडवीत दिवा लावून बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. 'हातपाय धुवा, भात गरम आहे,' एवढंच म्हणाल्या. आम्हाला जास्त लाज त्याचीच वाटली.

तेव्हापासून आमचा नियम: फेरीची वेळ आदल्या दिवशी घरमालकालाच विचारायची. बोटीत गाडी चढली की हँडब्रेक लावायचा.

घर निवडताना काय बघायचं?

कोकणात 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी दिसली की समजा, हे हॉटेल नाही, कुणाचं तरी घर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मागे नारळ-सुपारीची वाडी. सरकारची 'न्याहारी व निवास' योजनाही आहे, तिच्यात नोंदलेली घरंही मिळतात. फोटो सगळ्यांचे छान असतात, म्हणून बुक करताना फोन करून चार गोष्टी विचारा:

• जेवणात मासे मिळतात का? बऱ्याच घरांत फक्त शाकाहारी स्वयंपाक असतो, आणि बाहेरून मासे आणलेलेही चालत नाहीत.
• अंगणापर्यंत गाडी येते का? वाडीतल्या पाखाड्या अरुंद असतात.
• संडास-बाथरूम खोलीला लागून आहे की बाहेर?
• मोबाइलला रेंज आहे का? नसेल तर नकाशा आधीच डाउनलोड करा, थोडी रोकड ठेवा.

आणि एक गोष्ट आपण त्यांना सांगायची: किती जण येणार, कधी पोचणार, जेवणार की नाही. तिथे स्वयंपाक माणसं मोजून होतो. पाच जणांचे मोदक, घावणे, सोलकढी करून ठेवली आणि मंडळी न सांगता दुसरीकडे गेली, तर त्या घराचा दिवस बुडतो. यायचं नसेल तर फोन करा, एवढं तर जमतं ना?

काय बघाल, कुठे जपाल

हर्णैसमोर समुद्रात सुवर्णदुर्ग आहे. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे जे १२ किल्ले आले, त्यांतला एक. गुहागरला लांबच लांब किनारा. पुढे हेदवीला बामणघळ: खडकाच्या भेगेत भरतीचं पाणी घुसतं आणि उंच उसळतं. ते लांबूनच बघा. ओल्या खडकावर सेल्फीसाठी जाऊ नका.

गाडी वाळूवर नेऊ नका. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरतीला चाकं गिळते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, म्हणून ताज्या माशांसाठी जायचं तर हिवाळा बरा.

गाडी भाड्याने घेताय?

स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी असतात. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या प्लेटची गाडी पैसे देऊन नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. हजार रुपये वाचवायला हा धोका घेऊ नका.

परतताना

तवसाळहून फेरीने जयगड, मग गणपतीपुळे, रत्नागिरी, आंबा घाट, कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा आणि नागपूर. मध्ये सोलापूरला मुक्काम. सगळं मिळून आठ-नऊ दिवस धरा. तेवढे नसतील तर ठिकाणं कमी करा, झोप नको.

तुम्ही कोकणात कुणाच्या घरी राहिलात? आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर सांभाळून चालवा!