जपानी कांजीचिन्हांचे स्वाध्ययन : काही पद्धतींचा विचार

जपानी लेखनात तीन चिन्हसंच एकत्र नांदतात. त्यांपैकी हिरागाना व काताकाना हे ध्वनिदर्शक असून प्रत्येकात ४६ मूळ चिन्हे आहेत. त्यांचा अ, इ, उ, ए, ओ. का, सा, ता, ना हा रूढ क्रम संस्कृत वर्णमालेच्या अध्ययनातून घडलेला असल्यामुळे मराठी अभ्यासकास तो परका वाटत नाही. खरी कसोटी लागते ती कांजी या चिनी मूळ असलेल्या चिन्हांपाशी. जपानी शासनाच्या २०१० च्या सुधारित यादीत नित्य व्यवहारातील २,१३६ कांजी आहेत.

जपानी मुलास शाळेत जाण्यापूर्वीच भाषा अवगत असते. त्यास केवळ चिन्ह शिकावयाचे असते. परदेशी स्वाध्यायीस मात्र आकार, अर्थ व उच्चार ही तिन्ही अंगे नव्याने आत्मसात करावी लागतात. म्हणून कोणत्याही पद्धतीचे मूल्यमापन करताना ती यांपैकी कोणते अंग उपेक्षिते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

पहिली पद्धत गिरवण्याची. हिने रेषांचा क्रम हातात बसतो. परंतु सुटी चिन्हे एकाच बैठकीत घोटल्याने ती टिकत नाहीत. कालांतराने विभागलेली उजळणी अधिक फलदायी असते, हे एबिंगहाउस याने १८८५ मध्येच दाखविले होते.

दुसरी पद्धत जेम्स हायसिग यांनी १९७७ मध्ये मांडली. चिन्हाचे घटक पाडून, त्यांची कल्पनाचित्रे गुंफून, प्रत्येक चिन्हास एकेक इंग्रजी शब्द जोडावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. सूर्य व चंद्र एकत्र आले की ‘तेजस्वी’ हा अर्थ सहज स्मरतो. तथापि उच्चार पुढील खंडावर सोपविलेले असल्यामुळे सुमारे दोन हजार चिन्हे ओळखूनही अभ्यासकास एखादे वाक्य मोठ्याने वाचता येत नाही, असा प्रसंग ओढवतो.

तिसरी पद्धत ध्वनिसूचक घटकांचा आधार घेते. ‘निळा-हिरवा’ या अर्थाच्या चिन्हाचा चिनी वळणाचा उच्चार ‘सेइ’ आहे. त्यास पाण्याचा घटक जोडल्यास ‘निर्मळ’, सूर्याचा जोडल्यास ‘निरभ्र’, वाणीचा जोडल्यास ‘विनंती’ असे अर्थ होतात. उच्चार मात्र ‘सेइ’च राहतो. हा नियम सार्वत्रिक नाही व देशी उच्चारांना तो लागू पडत नाही, ही त्याची मर्यादा होय.

ही मर्यादा समजण्यास मराठीतील तत्सम-देशी भेद उपयोगी पडतो. पाण्याचे चिन्ह सुटे असता ‘मिझु’ वाचले जाते; समासात ते ‘सुइ’ होते. पाणीपुरवठ्यास ‘सुइदो’ म्हणतात. त्यात जल व मार्ग ही दोन चिन्हे आहेत. आपणही ‘पाणी’ म्हणतो, पण समासात ‘जलवाहिनी’ म्हणतो. एकाच चिन्हाने ‘जल’ आणि ‘पाणी’ दोन्ही लिहिले, तर जी स्थिती होईल तीच ही स्थिती होय. अर्थात, उच्चार सुट्या चिन्हावरून नव्हे, तर शब्दावरूनच निश्चित होतो.

यास्तव शब्द हेच अध्ययनाचे एकक मानणे इष्ट. आकारासाठी घटकविचार, समासातील उच्चारासाठी ध्वनिसूचक घटक आणि स्थैर्यासाठी विभागलेली उजळणी यांची योजना करावी; परंतु प्रत्येक चिन्ह किमान एका देशी व एका सामासिक शब्दासह शिकावे, जेथे दोन्ही प्रचलित असतील तेथे. शिक्षकाच्या अभावी स्वाध्यायीस चूक दाखविणारा कोणी नसतो. म्हणून किती चिन्हे ओळखता आली हे न मोजता, अपरिचित वाक्य अर्थासह मोठ्याने वाचता आले की नाही, हेच प्रगतीचे माप धरणे युक्त ठरेल.