पीजचा टीव्ही

नडियादजवळचं पीज हे गुजरातच्या खेडा जिल्ह्यातलं गाव. १९७५ साली इस्रोने इथे १ किलोवॅटचा ट्रान्समीटर उभारला आणि चारशेच्या आसपास गावांसाठी स्थानिक प्रक्षेपण सुरू झालं. सार्वजनिक संच बहुतेक ठिकाणी दूध सोसायटीत ठेवलेले. म्हणजे संध्याकाळी दूध घालायला यायचं, किटली रिकामी करायची आणि तिथेच टीव्हीपुढे बसायचं! मालिकांतली माणसं बोलायची चरोतरी, घरातली बोली. विषयही घरचेच: हुंडा, अस्पृश्यता, शेतमजुरी. पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा हे केव्हाही बरं. १९८४ मध्ये युनेस्कोने या उपक्रमाला ग्रामीण संवादाचा पुरस्कार दिला. पुढच्याच वर्षी ट्रान्समीटर मद्रासला हलवायचं ठरलं. गावकऱ्यांनी विरोध केला, पण प्रक्षेपण थांबलंच.