स्वच्छता निरीक्षक व्हायचंय?

● अभ्यासक्रम : १९२६ साली मुंबईत स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालवते. आयटीआयमध्येही एक वर्षाचा ट्रेड आहे.

● विषय : पाणी, सांडपाणी, घनकचरा, अन्नसुरक्षा, साथरोग, कायदे.

● पाणी : नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीन (ओटी) द्रावणाचे थेंब टाकतात. पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन आहे. ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं.

● डास : अंड्यातून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणूनच पिंपं, कुंड्यांच्या ताटल्या, टायर तपासायचे आणि साचलेलं पाणी ओतून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला लावायचा.

● नोकरी : महापालिका, नगरपरिषदा.

प्रवेशाआधी अभ्यासक्रमाची मान्यता भरतीच्या जाहिरातीतील अटींशी ताडून पाहाच.