ड्रमवर दगड ठेवल्यानं गॅस वाढत नाही

एडवणपासून माहीम-केळव्यापर्यंतच्या किनारपट्टीत वाडी आणि गोठा जोडीनंच असतो. ज्यांच्याकडे तीन-चार म्हशी आहेत त्यांना दोन घनमीटरचा गोबर गॅस सहज चालवता येतो. त्याला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागतं. आपल्या भागाला ही गोष्ट तशी नवी नाही, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ सालीच मैल्यापासून गॅस काढला होता.

शेगडीची ज्योत बारीक झाली की बरेच जण तरंगत्या लोखंडी ड्रमवर मोठा दगड नाहीतर वाळूची गोणी ठेवतात. ज्योत मोठी होते आणि माणसाला वाटतं, गॅस वाढला. हिशोब करून बघा. ड्रमचा व्यास सव्वा मीटर आणि वजन एकशेवीस किलोच्या आसपास असेल, तर आतला दाब पाण्याच्या दहा सेंटिमीटर उंचीइतका असतो. वर साठ किलोचा दगड ठेवला की तो पंधरा होतो. आता दाब वाढला की वायूचं आकारमान त्याच प्रमाणात घटतं, हा बॉईलचा १६६२ सालचा नियम. पण इथं बाहेरच्या हवेचा दाबही धरावा लागतो, आणि तो पाण्याच्या दहा मीटरहून थोडा जास्तच असतो! त्यापुढे पाच सेंटिमीटर म्हणजे काय? ड्रममधला गॅस हजार लिटरचा नऊशे पंच्याण्णव होतो, इतकंच. शेगडीतून मात्र मिनिटाला सुमारे एक पंचमांश गॅस जादा जातो. शंभर मिनिटं पुरणारा गॅस ब्याऐंशी मिनिटांत संपतो. गॅस खरा वाढतो तो शेणानं.

दुसरी फसगत उन्हाची. पहाटे खाली असलेला ड्रम दुपारी, रात्रभरात नवा गॅस फारसा झाला नसला तरी, वर आलेला दिसतो. दाब तोच राहिला तर वायू तापमानाप्रमाणे फुगतो. मात्र हे तापमान शून्यापासून नव्हे, उणे २७३ अंशापासून मोजायचं. पहाटे १५ अंश म्हणजे २८८ आणि दुपारी ३५ अंश म्हणजे ३०८. आकारमान साधारण सात टक्क्यांनी वाढलं. स्वयंपाक तेवढाच होणार, कारण गॅसचं वजन वाढलेलं नाही.

म्हणूनच थंडीत गॅस निम्मा झाला तर "थंडीनं आकसला" हे कारण पटत नाही. आकसून सात टक्के जातील, पन्नास नाही. खरं कारण खड्ड्यातले जिवाणू. ते ३५ अंशाच्या आसपास जोमात असतात, २० च्या खाली मंदावतात. थंडीत शेणकाला दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात कालवावा.

सिलिंडरचा प्रकार वेगळा. त्यात १४.२ किलो गॅस द्रवरूपात असतो. द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानावरच ठरतो, म्हणून ज्योत शेवटपर्यंत तशीच राहते आणि मग एकदम बसते. तिथं वजनच खरं.

एडवणला खाऱ्या वाऱ्यानं लोखंडी ड्रम लवकर गंजतो, दरवर्षी रंग हवाच. पक्क्या घुमटाच्या 'दीनबंधू' प्रकारात ही कटकट नाही. पण तिथं घुमट हलत नाही. गॅस साठला की शेणकाला बाहेरच्या कुंडीत ढकलला जातो आणि दाब पाण्याच्या मीटरभर उंचीपर्यंतही चढू शकतो. गिलाव्याला केसासारखी चीर असली तरी तिथून गॅस जातो. या कामाला सरावलेला गवंडीच बघावा. सांध्यांची गळती साबणाच्या फेसानं तपासा, काडी ओढून कधीच नाही. आणि खड्डा रिकामा दिसला तरी त्यात उतरू नका, आतल्या वायूनं माणूस क्षणात बेशुद्ध पडतो.

दाब बघायला महागडं यंत्र नको. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी 'यू'सारखी वाकवून फळीवर बसवा, निम्मी पाण्यानं भरा, एक टोक गॅसच्या पाइपाला जोडा आणि दुसरं उघडं ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे तुमचा दाब. तरंगत्या ड्रमला तो दहाच्या आसपास दिसतोय आणि तरी ज्योत बारीक आहे, तर ड्रमला हात लावू नका. पाइपात पाणी साचलं असेल नाहीतर बर्नरची भोकं बुजली असतील.